तोंडदेखलं काही नको

सोमवार, ४ ऑगस्ट

व्यायामाच्या ताई म्हणाल्या, एक वही ठेवा, रोज चेहऱ्याचे व्यायाम झाले की काय वाटलं ते त्यात लिहा. त्याने फरक पडतो म्हणे.

भुवया उचलल्या. उजवी गेली, डावी जागची हलली नाही. गाल फुगवले. डावीकडून हवा निसटली. शीळ घालून बघितली. थुंकी उडाली. काय वाटलं? संताप वाटला. झालं, लिहिलं.

वही हातात आहेच तर बाकीचंही लिहून टाकते. जूनमध्ये एका सकाळी चूळ भरली आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून थेट गळ्यावर आलं. आरशात बघते तर अर्धा चेहरा झोपलेला. डावा गाल खाली उतरलेला, डोळा उघडाच, मिटायलाच तयार नाही. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, काही आठवड्यांत बहुतेकांचं ठीक होतं. मी त्या बहुतेकांत नाही. मागच्या खेपेला ते म्हणाले, थोडं राहील कदाचित. हे सांगताना ते टेबलावरच्या कागदांकडे बघत होते.

घरातले आरसे मी काढले आहेत. न्हाणीघरातला कपाटामागे ठेवला, दारामागचा माळ्यावर टाकला. कुणी काही बोललं नाही. लेक मात्र हल्ली सकाळी तासन्तास खिडकीशी उभी असते. कॉलेजला जायची वेळ झाली तरी बाहेर बघत केस सारखे करत बसायचं. वयच तसलं. आईचं काय झालंय, याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

आणि तुझ्याशी मी बोलत नाहीये, हे तुला ठाऊक आहेच. प्रार्थना बंद केली आहे. ही वही व्यायामाच्या ताईंसाठी आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज मालकांनी मला मागच्या खोलीत बसवलं.

चष्म्याच्या दुकानात मी लागले तेव्हा मालकांचे वडील गल्ल्यावर बसायचे. तेव्हापासून पुढचा काउंटर माझा. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, कानामागे काडी कुठे दाबते ते बघायचं, समोर बसून म्हणायचं, माझ्या डोळ्यांत बघा, आणि ते बघत असताना काचेवर पेनाने बुबुळाची खूण करायची. ते सरळ बघायला हवेत. नजर हलली तर नंबर बरोबर असूनही चष्मा डोकं दुखवतो.

आता मास्क लावूनसुद्धा लोक सरळ बघत नाहीत. माझ्या डाव्या डोळ्याकडे बघतात, चपापतात, खाली बघतात. खूण चुकते. परवा एका बाईंचा चष्मा परत आला.

मालक म्हणाले, तुम्ही काही दिवस मागे काचा घासा. तुमच्याच सोयीसाठी म्हणतोय.

माझ्या सोयीसाठी. त्या खोलीला खिडकी नाही. काच घासायचं यंत्र, पाण्याची बादली आणि रिकाम्या खोक्यांची भिंत. माझ्या स्टुलावर नवीन आलेली मुलगी बसली आहे. डोळ्यांत बोटभर काजळ. तिला काडी वाकवायला दिली तर मोडून ठेवते.

राग मालकांचा आलाच, पण त्याहून जास्त माझा आला. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, बरं. वर मान हलवली. आणि मागचं दार ओढून घेतल्यावर मला हायसं वाटलं. ह्या हायसं वाटण्याची मला किळस येते.

रविवार, १० ऑगस्ट

चर्चला गेले, कारण हे म्हणाले, चल. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड बसले. उपासना संपल्यावर महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी गाठलंच. चला, तुमच्यासाठी प्रार्थना करू. मला मधोमध उभं केलं, मास्क काढायला लावला, सगळ्यांनी डोक्यावर, खांद्यावर हात ठेवले. कुणाचा तरी हात घामट होता.

मी मधेच डोळा उघडून पाहिलं. उघडून काय, डावा उघडाच असतो. निम्म्या बायका डोळे किलकिले करून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सरळ होतंय का. दूध उतू जायची वाट बघावी तसं.

झालं नाही. आमेन म्हटल्यावर सगळ्यांनी हात असे काढून घेतले, जणू मीच सगळ्यांचा वेळ वाया घालवला. मग अध्यक्षबाईंनी माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मनात कुठेतरी विश्वास कमी पडतोय तुमच्या. शोधा."

मी म्हणाले, थँक्यू.

घरी येऊन भांडी आपटली. विश्वास कमी पडतोय! त्यांचा नवरा किती वर्षं अंथरुणाला खिळून आहे. तिथे कुणाचा कमी पडला? हे विचारायला हवं होतं. एकदा विचारीनच. सगळ्यांसमोर.

आणि अजून एक. व्यायामाच्या ताईंनी ओठ मिटून म्हणायची अक्षरं दिली आहेत. प, फ, ब, भ, म. माझा प फसतो, ब चा व होतो. रात्रीच्या जेवणाआधी ह्यांनी मला प्रार्थना करायला सांगितली, सवयीने. मी सुरुवात केली, आणि प्रभू म्हणता येईना. पिता म्हणता येईना. बाप म्हणता येईना. तुझी सगळी नावं ओठांनी म्हणायची आहेत आणि ओठ तूच काढून घेतलेस. फित्या म्हणाले आणि ताटावर थुंकी उडाली. लेक खाली बघत होती. मी उठले.

बुधवार, १३ ऑगस्ट

ह्यांनी जेवायची जागा बदलली. इतकी वर्षं समोर बसायचे, आता माझ्या डाव्या हाताला बसतात. म्हणजे माझ्याकडे बघायलाच नको. मान वळवल्याशिवाय मी दिसत नाही ना. हुशार आहेत.

वर टेबलफॅनचा सगळा वारा स्वतःच्या पाठीवर घेतात. मी विचारलं तर म्हणाले, मला फार उकडतं हल्ली. दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायचा म्हटल्यावर उकडणारच. पण आम्हाला वारा नको का?

जेवताना डोळा कोरडा पडून चुरचुरायचा तो आज तेवढा चुरचुरला नाही. नवीन थेंबांचा गुण दिसतोय.

रविवार, १७ ऑगस्ट

आज पाळकांनी उपदेशात बायबलमधल्या त्या रक्तस्रावाच्या बाईचा वृत्तांत घेतला. ऐकता ऐकता माझं डोकं फिरलं.

बारा वर्षं आजारी बाई. कुणी जवळ येऊ देत नाही. ती गर्दीतून मागून येते, गुपचूप येशूच्या कपड्याच्या टोकाला हात लावते आणि बरी होते. कुणाला कळलं नाही. झालं ना? जाऊ द्यायचं ना तिला घरी? तर नाही. हा थांबतो. मला कोणी हात लावला, म्हणून विचारतो. शिष्य सांगतात, अहो एवढी गर्दी आहे, कुणाकुणाचा लागत असेल. तरी हा ऐकत नाही, बघत उभा राहतो. शेवटी ती बिचारी कापत कापत पुढे येते आणि एवढ्या लोकांदेखत सगळं सांगते. बायकांचं दुखणं. भर रस्त्यात.

का? मला हे कळतच नाही. तुला माहीत नव्हतं कोणी हात लावला? तुला तमाशा हवा होता? मागे राहणाऱ्यांना मागे राहू देत नाहीस तू.

बाहेर पाळक सगळ्यांशी हात मिळवत उभे होते. मी थांबले, गर्दी कमी होऊ दिली आणि विचारलं. नीट विचारलं नाही, भांडले म्हणा. माझ्या तोंडातून शब्द कसे बाहेर पडत होते देव जाणे, मास्क ओला झाला. मला वाटलं आता हे पाठीवर हात ठेवून काहीतरी गोड बोलतील.

ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं मला कधी वाटलंच नव्हतं. मी पुरुष आहे, म्हणून असेल." मग जरा थांबून म्हणाले, "तो तिला काय म्हणून हाक मारतो ते मात्र घरी जाऊन बघा. मी आज ते घाईत वाचलं."

बघणार नाही. गृहपाठ देतात.

मंगळवार, १९ ऑगस्ट

बघितलं नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

रागाने लिहितेय, अक्षर वाईट येईल.

दुपारी मागच्या खोलीत काच घासत होते. यंत्र थांबवलं तेव्हा फळीपलीकडून एक बाई नव्या मुलीला सांगत होत्या, माझ्या मुलीच्या वर्गातल्या एकीला निबंधाचं पहिलं बक्षीस मिळालं, काल कॉलेजात समारंभ होता, तिचे वडील आले होते, आई नव्हती, बरी नसते वाटतं. वडील ड्रायव्हिंग शिकवतात.

मला कुणी सांगितलं नव्हतं. नवरा गेला, लेक गेली, दोघांनी मिळून मला घरी ठेवलं. काल संध्याकाळी दोघं कसले गप्प गप्प होते ते आता कळलं.

घरी येऊन लेकीला धारेवर धरलं. ती ऐकून घेत होती. हे मधे पडायला लागले तर त्यांनाही सोडलं नाही. मी म्हणाले, सांगा ना सरळ, आईची लाज वाटते, म्हणून नेलं नाही. तेवढं तोंडावर सांगायची हिंमत करा.

लेक म्हणाली, "तिथे सगळ्यांचे फोटो काढत होते, आई. तुझाही काढला असता."

"मग? तुझा फोटो बिघडला असता?"

तेव्हा ती उसळली. माझी लेक कधी आवाज चढवत नाही.

"तू बिघडली असतीस. दोन महिने घरात आरसा नाही. मी रोज खिडकीच्या काचेत बघून वेणी घालते. उजेड आला की काही दिसत नाही, म्हणून लवकर उठते. बाबा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीच्या आरशात दाढी करतात. आम्ही काही बोललो का? मोबाइलमध्ये तुझे जुने फोटो लपवून ठेवलेत मी, तुला दिसू नयेत म्हणून. आणि आता तू विचारतेस, लाज वाटते का."

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

हे गाडीच्या आरशात दाढी करतात. मला वाटायचं, सकाळी लवकर निघतात ते माझं तोंड बघायला नको म्हणून.

आरसा कपाटामागून काढला. न्हाणीघरात लावताना खिळा वाकडा बसला, तसाच राहू दिला. मी बघितलं नाही त्यात. पण लावला.

रविवार, २४ ऑगस्ट

चर्चला गेले नाही. घरी बसून बायबलमध्ये बघितलं एकदाचं, काय म्हणून हाक मारतो ते.

मुली.

मुली, असं म्हणतो. बाई नाही, अगं नाही. मी पुढचेमागचे कितीतरी वृत्तांत चाळले, दुसऱ्या कुणाही मोठ्या वयाच्या बाईला तो असं म्हणालेला मला सापडला नाही.

आणि तो घाईत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एका मोठ्या माणसाची मुलगी मरणाला टेकली होती, तिच्याकडे निघाला होता. बाप शेजारी उभा, जीव टांगणीला लागलेला. त्या सगळ्याला थांबवून ह्याने हिचं ऐकून घेतलं. सगळंच्या सगळं. मधे तोडलं नाही.

पण मला खरं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. ती बरी आधीच झाली होती. हात लावला तेव्हाच. मग तिला थांबवून द्यायचं काय राहिलं होतं? काहीतरी राहिलं असणार, त्याशिवाय एवढी गर्दी कोण अडवून ठेवील? ती तशीच गेली असती तर बरी होऊन गेली असती, पण मागून येऊन चोरून घेऊन गेली असती. जन्मभर मागेच राहिली असती. त्याने तिला पुढे बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, ही माझी आहे.

म्हणजे बरं होणं ही सगळ्यात मोठी गोष्ट नव्हतीच.

हे मला आवडलेलं नाही. मला बरंच व्हायचं आहे. तिला दोन्ही दिलंस. मला निदान एक तरी दे, आणि कुठलं ते मला विचारून दे.

व्यायाम करताना मात्र एक कळलं. येशू म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. आज बरेचदा म्हणून बघितलं. व्यायाम म्हणून.

बुधवार, २७ ऑगस्ट

मालकांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना मागे पाठवलं. पुढे जमत नाहीये, तुम्हीच बघा, म्हणाले. मला वाटलं, पुढे नको असलेले सगळे आता मागच्या खोलीत. अडगळीत अडगळ.

गृहस्थ पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. आता त्यांना ऐकू येत नाही. आल्या आल्या तक्रार सुरू, ती पुढची पोरगी कॉम्प्युटरकडे तोंड करून बोलते, मला काय कळणार? मी माणसाचे ओठ बघून ऐकतो. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तोंडावरचं ते काढा आधी.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी खुर्ची ओढली, हाताची घडी घातली आणि बसून राहिले. चष्म्याशिवाय जाणार नाही म्हणाले, संध्याकाळपर्यंत बसेन.

रागानेच काढला मास्क. बघा म्हटलं, काय बघायचं ते.

बघितलं त्यांनी. पुढे झुकून, कपाळाला आठ्या घालून, माझ्या तोंडाकडे. जूनपासून कुणी इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. मी विचारलं, फ्रेम कुठे दुखते. ते म्हणाले, परत बोला. मी परत बोलले. "तुमचा फ वेगळा दिसतो," ते म्हणाले. "आणि प कुठे आहे? हां, हा तुमचा प. उजव्या अंगाला तोंड ठेवून बोला, मला समजतंय. आमच्याकडे गल्लोगल्लीची माणसं यायची, प्रत्येकाचं बोलणं निराळं. सवय करावी लागते."

बस्स, एवढंच. परगावच्या माणसाचं बोलणं असावं तसं त्यांनी माझं तोंड समजून घेतलं. नाकावरच्या गाद्या बदलल्या, काड्या जरा आत वळवल्या. माझ्या डोळ्यांत बघा म्हटल्यावर सरळ बघितलं. खूण एका झटक्यात झाली. जाताना थँक्यूसुद्धा म्हणाले नाहीत, उलट दुकानात उजेड कमी आहे म्हणून बोल लावून गेले.

ते गेल्यावर मी यंत्र चालू केलं आणि त्याच्या आवाजात रडले. उजव्या डोळ्याने नीट रडता येतं, डाव्यातून नुसतं वाहतं.

मला ते कुठे लागलं ते अजून सांगता येत नाही. दयाबिया काही नव्हती त्यांच्याकडे. तीच नव्हती, म्हणून असेल.

रविवार, ३१ ऑगस्ट

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच गोड करून सांगेन.

उपासनेच्या शेवटी अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. आज आपण आपल्या आजारी बहिणीसाठी सर्व मंडळीने मिळून प्रार्थना करू या, या बहीण, पुढे या. मला विचारलं नव्हतं. शेवटच्या बाकापासून पुढपर्यंत सगळ्या माना वळल्या. ह्यांनी माझा हात धरला, नको जाऊस म्हणाले.

मी गेले. चालताना राग असा काही चढत होता की कानात गरम लागत होतं. पुढे जाऊन वळले आणि मास्क काढला. कुणीतरी चक्क मान फिरवली.

म्हणाले, "माझ्या तोंडासाठी प्रार्थना करू नका."

प्रार्थना हा शब्दही धड उमटला नाही. पहिल्या बाकावर कुणीतरी काय म्हणाली, काय म्हणाली असं कुजबुजलं. म्हणून परत म्हटलं, मोठ्याने. मग थांबता येईना. म्हटलं, हे तोंड बहुतेक असंच राहणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, नीट झालं तर मला आनंदच आहे. पण तुम्ही प्रत्येक वेळी डोळा उघडून बघता, झालं का म्हणून, आणि नाही झालं की माझ्याकडे असं बघता की मीच देवाला आडवी आले. देव माझं तोंड सरळ व्हायची वाट बघत थांबलेला नाही. तुम्ही थांबला आहात. तो मला आत्ता, ह्या तोंडासकट मुली म्हणतो. आणि ज्याने म्हणायला हवं त्याने म्हटलंय, तर मी खांबामागे का बसू? मला खांबामागे बसायचा कंटाळा आलाय. थुंकी उडतेय माझी, माफ करा, पण ऐकून घ्या.

अध्यक्षबाई म्हणाल्या, राग चांगला नाही, बहीण. विश्वासाने मागितलं तर तो देतो, असं आपण मानतो की नाही?

आणि माझ्या जिभेवर आलं ते. तुमच्या नवऱ्याचं काय? वाक्य तयार होतं, त्यात प नाही, ब नाही, एक म सोडला तर एकदम स्वच्छ म्हणता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हातातलं गीतांचं पुस्तक छातीशी घट्ट धरलं होतं, आणि त्यांचे डोळे सांगत होते की मी आता काय म्हणणार ते त्यांना ठाऊक आहे. कुणीतरी कधीतरी म्हणणारच, याची त्या किती वर्षं वाट बघत असतील.

माझा राग गेला नाही. पण ते वाक्य मी गिळलं. म्हणाले, "तुम्हाला माझ्यासाठी काही मागायचंच असेल तर एवढं मागा की मला उद्या दुकानात पुढे बसू देत."

त्या म्हणाल्या, "मग... तेवढंच?" आवाज अगदी बारीक झाला होता.

तेवढंच, म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले आणि खरंच तेवढंच मागितलं. एका वाक्यात. त्यांना एका वाक्यात प्रार्थना करताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ह्या वेळी कुणी डोळे उघडले का, ते मी बघितलं नाही.

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बाहेर दोघी-तिघी मला टाळून गेल्या. पाळक म्हणाले, मी पुढच्या वेळी तो भाग सावकाश वाचेन. हे घरी कुलूप उघडताना म्हणाले, "तू मधे श्वास घ्यायला थांबली नाहीस. मला काळजी वाटत होती."

सोमवार, १ सप्टेंबर

दुकान उघडायच्या आधी मालकांना गाठलं. म्हणाले, आजपासून मी पुढे बसणार.

त्यांनी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या. मग म्हणाले, तुमच्याच सोयीसाठी तर मागे दिलंय. म्हटलं, माझी सोय मला विचारून ठरवा. मग म्हणाले, गिऱ्हाइकांचं कसं असतं, त्यांना सवय नसते. म्हटलं, तर मग मला स्पष्ट सांगा की तुमचं तोंड दुकानाला शोभत नाही, म्हणून मागे बसा. माझ्याकडे बघून सांगा. मी मुकाट्याने मागे जाते.

ते बघत राहिले. वाईट माणूस नाही. वडिलांच्या हाताखाली मीच त्याला पहिल्यांदा स्क्रू लावायला शिकवलं होतं. शेवटी खाली बघत म्हणाला, "बसा. पण मास्क..."

"मास्कमुळे लोक नुसता डोळाच बघतात आणि घाबरतात. सगळं तोंड दिसलं की निदान कळतं, काय आहे ते."

तर बसले. काजळवाली मुलगी घाईने उठून उभी राहिली, स्टूल पुसून दिलं.

दुपारपर्यंत तीन माणसं मला बघून तिच्याकडे वळली. एका बाईंनी तर मोठ्याने विचारलं, दुसरं कोणी नाही का? मला वाटलं होतं चर्चमध्ये एवढं बोलल्यावर आता मला काही लागणार नाही. लागलं. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तुला दोन शब्द सुनावले. हेच का ते, म्हटलं, हेच मागितलं होतं ना मी. मग परत येऊन बसले, कारण उठले असते तर ते स्टूल पुन्हा मिळालं नसतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

काजळवाली म्हणाली, मावशी, मला लोकांच्या इतकं जवळ जायची भीती वाटते. त्यांच्या चेहऱ्याला हात लावायचा म्हणजे. मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावला आहात.

रागावले होतेच, म्हटलं. काडी कशी तापवायची ते दाखवलं. दोन मोडल्या. तिसरी बरी वळली.

लेकीने तिचा बक्षीस मिळालेला निबंध वाचायला दिला. विषय काहीतरी रस्त्यावरच्या दिव्यांचा होता, त्यात मी कुठेही नव्हते. मला बरं वाटलं. सगळंच माझ्याभोवती फिरत नाही, हेही कुणीतरी सांगायला हवं होतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

आज व्यायामात डावी भुवई हलली असं ह्यांना वाटलं. मला नाही वाटलं. वाद झाला. ते जिंकावेत म्हणून मी फार जोर लावला नाही.

दुकानात गर्दी होती. एक बाई आल्या, पहिल्यांदाच चष्मा लागलेला. घाबरलेल्या. फ्रेम निवडताना दर वेळी विचारायच्या, मी म्हातारी नाही ना दिसत? आरशात बघायच्या आणि नजर चुकवायच्या. मी त्यांना समोर बसवलं, म्हटलं, आता माझ्या डोळ्यांत बघा, हलू नका. त्या बघू लागल्या. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. शेवटी विचारलं, "कुठल्या डोळ्यात बघू?"

आधी नेहमीचा राग उसळला. मग दिसलं की त्यांना खरोखरच विचारायचं आहे. काम नीट व्हावं म्हणून.

"उजव्या," म्हटलं. "डावा रजेवर आहे."

त्या हसल्या. मग हात तोंडावर नेला, आपण हसलो म्हणून घाबरल्या. तोवर मीही हसले होते. माझं हसू आता एकाच बाजूला जातं, दुकानभर पसरलेल्या आरशांत ते चहूकडून दिसलं. जूनपासून मी ते पाहिलं नव्हतं. चांगलं आहे असं म्हणणार नाही. माझं आहे.

खूण बरोबर बसली.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे लिहून ठेवते. तोंड असंच का राहावं याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस, आणि मी विचारायचं सोडणार नाही. पण पाठीमागे कुरकुर करायचा मला कंटाळा आलाय. उद्या रविवार आहे. जे काही बोलायचंय ते तुझ्या तोंडावर बोलेन, आणि सगळं ऐकून घेतल्याशिवाय तू हलायचं नाहीस.